शर्करेचा कारभार



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून रोगाविषयी बोलावे की नाही, याविषयी प्रथम माझ्या मनात थोडा संकोच होता. कारण अशा प्रसंगी श्रोते काही उदात्त ऐकावयाच्या अपेक्षेने येतात, आणि लघवीतील साखर, पायाची न भरणारी जखम किंवा मासिक पाळीची अनियमितता या गोष्टींची गणना उदात्तात सहसा कोणी करीत नाही. परंतु ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ आपण येथे जमलो आहो, त्या डॉक्टरसाहेबांनी सारी हयात या तालुक्यात वैद्यकी करण्यात घालविली, आणि रुग्णाची नाडी पाहण्यापूर्वी त्याच्या घरी किती माणसे जेवतात, स्वयंपाक कोण करते आणि ती स्वयंपाक करणारी स्वतः केव्हा जेवते, एवढे विचारण्याचा परिपाठ त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला घरातलाच विषय असावा, हे मला शेवटी सयुक्तिक वाटले.

आणि हा विषय आता कोणत्या घरात नाही? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनी या देशातील मधुमेह्यांचा आकडा १० कोटींच्या पलीकडे नेला आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख माणसे त्या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत असे दाखविले. त्याच पाहणीत आपल्या शेजारच्या गोव्यात २६.४ टक्के प्रौढ, म्हणजे चारांत एकाहून अधिक, मधुमेही आढळले, आणि तो सर्व राज्यांतील सर्वांत मोठा आकडा ठरला. एवढ्या माणसांना एकाच वेळी जिभेवर ताबा ठेवण्याचा विसर पडला असेल, असे मानणे मला तरी कठीण जाते.

असे म्हणण्याचे कारण असे की, मधुमेहाकडे पाहण्याची आपली एक ठरलेली रीत होऊन बसली आहे. ‘शुगर निघाली’ असा रिपोर्ट घरी आला की, औषधाआधी चौकशी सुरू होते: चहात दोन चमचे साखर कोण घेत असे, कोणाच्या लग्नात जिलेबीचा आग्रह कोणी मोडला नाही, रात्री स्वयंपाकघरात डबा कोण उघडत होते, आणि जणू गुन्हा शाबीत झाला अशा थाटात शेवटी कोणी तरी ‘आता भोगा आपल्या कर्माची फळे’ असे म्हणून मोकळे होते. रोगी मनोमन खजील होतो, खजील झालेला माणूस लपवू लागतो, तपासणीच्या आदल्या चार दिवसांत कडक पथ्य पाळून डॉक्टरला खूश करतो, आणि उरलेले दिवस कोणी न पाहता काढतो. डॉक्टरमंडळींनीही या रीतीला पुष्कळ हातभार लावलेला आहे. मला येथे आज एवढेच प्रतिपादन करावयाचे आहे की, मधुमेह आणि त्याच्या जातीचे इतर संप्रेरकविकार ही कोणाच्या चारित्र्याची कसोटी नसून ती रोजच्या कारभाराची बाब आहे. आणि कारभार म्हटला की तो एकट्याने चालत नाही, त्याला हिशेब लागतो, माणसे लागतात, आणि सरकारदरबारची थोडीबहुत मदतही लागते.

शरीरातील व्यवस्था थोडक्यात सांगतो. अंतःस्रावी ग्रंथी आपले स्राव थेट रक्तात सोडतात, आणि जुन्या दरबारातील जासूद ज्याप्रमाणे हुजुराचा खलिता घेऊन दूरच्या परगण्यात पोचत, त्याप्रमाणे हे स्राव आपापले फर्मान घेऊन यकृत, स्नायू, मेद, अस्थी अशा दूरच्या ठिकाणी जातात. जठराच्या मागे आडवे पडलेले जे स्वादुपिंड, त्यातील पेशींची लहान लहान बेटे इन्सुलिन नामक जासूद रवाना करतात. त्याचे फर्मान असे की, जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंनी उचलावी, यकृताने साठवावी, आणि यकृताने स्वतःच्या कोठारातून नवी साखर बाहेर सोडू नये. काही मुलांत शरीराचीच संरक्षक यंत्रणा या बेटांचा नाश करते. तेथे जासूदच उरत नाही, आणि बाहेरून इन्सुलिन दिल्यावाचून ते मूल जगत नाही. बहुसंख्य प्रौढांत मात्र जासूद निघतो, पोचतोही, परंतु परगणे त्याचे फर्मान मानीत नाहीत. मग स्वादुपिंड एकाच्या जागी चार जासूद धाडते, वर्षानुवर्षे असा जादा भार सोसते, आणि अखेर थकते. साखर वाढलेली दिसते ती या थकव्याच्या वेळी. म्हणजे रिपोर्ट हाती येतो त्या दिवशी रोग पुष्कळ वर्षांचा जुना झालेला असतो.

हे दोन प्रकार आपल्या प्राचीनांच्या नजरेतून सुटले नव्हते. प्रमेहाचे वीस भेद सांगून त्यांपैकी मधुमेह हा वातज आणि असाध्य असे चरकाने म्हटले. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे त्या काळच्या वैद्यांनी टिपून ठेवले. आणि स्थूल रोगी व कृश रोगी यांची चिकित्सा वेगळी असावी, एकाला लंघन व व्यायाम आणि दुसऱ्याला पोषण, इतका स्पष्ट विवेक त्यांनी दाखविला. सुश्रुताने तर जन्मतः येणारा आणि अपथ्याने येणारा असे दोन प्रमेह मानले. त्याच्या चिकित्सास्थानातील एक जागा मला फार आवडते: जो रोगी निर्धन आहे आणि ज्याला कोणी आप्त नाही, त्याने पायात जोडा व डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत, मुनिवृत्तीने शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी, असे तो सांगतो. यातील व्यायामाचा आग्रह आजही कोणता डॉक्टर मान्य करणार नाही? अनवाणी चालण्याचा सल्ला मात्र मधुमेह्याला आज कोणी देणार नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच. प्राचीनांचा अभिमान जरूर धरावा. परंतु त्यांनी ज्याला असाध्य म्हटले तो रोग त्यांना बरा करता येत नव्हता, हेही प्रांजळपणे मान्य करावे. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरपर्यंत तो कोणालाच आवरता येत नव्हता.

१८८९ साली मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्याला मधुमेह होतो असे दाखविले. तरी त्या ग्रंथीतील औषधी द्रव्य हाती लागण्यास आणखी तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा त्याचा विद्यार्थी-साहाय्यक यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत ते द्रव्य काढले, आणि कॉलिप यांनी ते शुद्ध केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचण्यात आली. त्या काळी मधुमेही मुलांना उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य चार महिने लांबविण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नसे, आणि हा मुलगा हाडांच्या सापळ्यासारखा दिसत होता. पहिला अर्क अशुद्ध असल्याने फसला. २३ जानेवारीला कॉलिप यांच्या शुद्ध अर्काने साखर उतरली, आणि तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. या शोधाच्या पेटंटाचे हक्क संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला दरेकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. आज जगातील कित्येक देशांत महिन्याचे इन्सुलिन घेताना कुटुंबाला दुसरा कोणता तरी खर्च तोडावा लागतो, हे पाहिले म्हणजे त्या एका डॉलरची आठवण होऊन मन विषण्ण झाल्यावाचून राहत नाही.

आता ज्या संशोधनाने माझी स्वतःची दृष्टी बदलली, आणि जे आपल्या पुण्याच्या परिसरात झाले, त्याविषयी सविस्तर बोलतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून पाहणी सुरू केली. या स्त्रिया शेतात राबणाऱ्या, उंचीने बेताच्या, वजनाने सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांचा आहार बहुतांशी भाकरी आणि भाजी. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडातील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आठशे ग्रॅम कमी असलेले मूल सर्वांगाने सारखेच लहान असेल, अशीच कोणाचीही समजूत होईल. परंतु मापे घेतली तेव्हा पोट, यकृतादि अवयव आणि स्नायू यांत मूल फार लहान, आणि पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरलेल्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज मुलाइतकी, असे आढळले. दिसावयास कृश आणि आत मेदस्वी, असे हे मराठी बालक. आणि मेद अधिक व स्नायू कमी, हीच ती शरीररचना की जिच्यात इन्सुलिनचे फर्मान परगण्यांत मानले जात नाही. म्हणजे ज्या मधुमेहाचा जाब आपण पन्नाशीच्या गृहस्थाला त्याच्या जिलेबीवरून विचारतो, त्याची काही अंशी तजवीज त्याच्या आईच्या पोटात, तिच्या अर्धपोटी भाकरीच्या आणि डोक्यावरच्या ओझ्याच्या दिवसांत झालेली असते.

याच याज्ञिकांनी २००४ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहून काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, तंतोतंत सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. विद्वानांनी आपल्या स्वतःच्या पोटाचा असा पुरावा जाहीर करावा, हा विनोद मला मनापासून आवडतो. त्याच चमूने पुढे असेही दाखविले की, गर्भवतीत बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट मात्र अधिक असेल, तर सहाव्या वर्षी त्या मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसते. आणि आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची तूट सर्रास आढळते.

यातून व्यवहाराची गोष्ट निघते ती अशी. वजनकाट्यावर विश्वासून ‘मी तर काटक आहे, मला कसला मधुमेह’ म्हणणाऱ्या माणसाने कंबरेभोवती टेप धरून पाहावा. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटीमीटर आणि स्त्रीला ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर तिशीपासूनच रक्त तपासावे. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २००, किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के, यांपैकी कोणतीही मर्यादा गाठली आणि फेरतपासणीतही ती कायम राहिली की निदान पक्के समजावे. यातील शेवटची तपासणी विशेष कामाची आहे, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांची साखर आपल्या अंगाला चिकटवून घेते. तपासणीआधीच्या चार दिवसांच्या पथ्याने ती फसत नाही.

पथ्याविषयी आपल्याकडे जेवढे ज्ञान वाटले जाते तेवढे दुसऱ्या कशाविषयीही नसेल. गूळ चालतो, मध चालतो, ज्वारीची भाकरी हवी तेवढी खावी, कारल्याचा रस घेतला म्हणजे गोळी बंद करावी, असे सल्ले शेजारीपाजारी मुक्तहस्ताने देतात. गूळ आणि मध ही साखरच होय. भाकरीत कोंडा असतो म्हणून ती थोडी सावकाश साखर चढविते, एवढाच तिचा गुण. चार भाकरी खाल्ल्या तर तो गुण संपला. कारले आणि मेथी आहारात असाव्यात, औषधाच्या जागी नसाव्यात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण तर मधुमेह्यासाठीच जन्मली असावी: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याच्या खिचडीत बटाटा, सोबत वरीचा भात आणि वर रताळ्याचा कीस, एवढा उपास केला की सायंकाळी साखर तीनशेच्या घरात. उलट ज्याने खरोखर काही खाल्ले नाही, परंतु साखर उतरविणारी गोळी मात्र नेमाने घेतली, त्याची साखर खाली जाऊन तो घामाने डबडबून पडतो. उपास करावयाचा असेल तर डॉक्टरला आधी विचारून त्या दिवसाची गोळी ठरवून घ्यावी. देवाची त्याला हरकत असेल असे मला वाटत नाही.

ताटातला क्रम बदलला तरी पुष्कळ साधते. आधी कोशिंबीर, पालेभाजी आणि उसळ, मग भाकरी, आणि भात सर्वांत शेवटी व थोडा, अशा क्रमाने तेच अन्न खाल्ले असता साखर कमी चढते. आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालले असता स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर उचलतात. परंतु हे सारे रोग्याच्या एकट्याच्या ताटात होऊन चालत नाही. बाकीच्यांना पुरणपोळी आणि कोपऱ्यात बसलेल्या आजोबांना दुधी भोपळ्याची भाजी, असा पंक्तिप्रपंच केला की आजोबा महिनाभर पथ्य पाळतात आणि नंतर रात्री डबा उघडतात. जे अन्न मधुमेह्याला चांगले ते सर्वांनाच चांगले असल्यामुळे सबंध घराचा स्वयंपाक बदलणे हाच शहाणपणाचा बंदोबस्त होय, आणि तो बदलताना स्वयंपाक करणारीवर दुहेरी चूल लादली जाऊ नये.

इन्सुलिनविषयी लोकांत जी धास्ती आहे ती समजण्याजोगी आहे. ‘इंजेक्शनावर गेला’ हे शब्द आपल्याकडे ‘आता थोडेच दिवस’ या अर्थाने उच्चारले जातात, कारण पूर्वी इन्सुलिन फार उशिरा, बहुधा पाय सडल्यावर किंवा मूत्रपिंड थकल्यावर सुरू होई, आणि पुढे जे घडे त्याचा दोष सुईवर येई. खरी काळजी घ्यावयाची ती निराळ्याच ठिकाणी. बाटलीतले इन्सुलिन आपल्याकडे बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटांचे असते आणि त्याची सिरिंज तांबड्या टोपणाची. पेनमधले १०० युनिटांचे, आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. दुकानदाराने चुकून नारिंगी सिरिंज दिली आणि घरातली बाटली ४० ची असेल, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात केवळ ८ युनिटे जातात, आणि रोगी व डॉक्टर दोघेही साखर का उतरत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसतात. रोज त्याच जागी सुई टोचली की कातडीखाली गाठ होते, तेथे दुखत नाही म्हणून रोगी पुन्हा तेथेच टोचतो, आणि त्या गाठीतून औषध धड शोषले जात नाही; डॉक्टरने पोटावरून एकदा हात फिरविला तरी हे कळते, परंतु हात फिरवावयाला सवड कोणाला? फ्रिज नसेल तर न उघडलेली बाटली पिशवीत घालून एका मातीच्या भांड्यात ठेवावी, ते भांडे दुसऱ्या मोठ्या भांड्यात, आणि मध्ये ओली वाळू. विदर्भातल्या उन्हाळ्यातही ही युक्ती पुष्कळ उपयोगी पडते. बर्फाच्या कप्प्यात मात्र बाटली कधीही ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन वाया गेलेच समजावे.

साखर ७० च्या खाली गेली की हातपाय थरथरतात, घाम सुटतो, माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. अशा वेळी प्रेमाने पेढा भरविण्याची चाल आहे. पेढ्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात पोचावयास वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग काही खावयास द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

या रोगाचा खरा दगा असा की तो दुखत नाही. १९९३ साली अमेरिका व कॅनडातील आणि १९९८ साली ब्रिटनमधील दीर्घ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि साखर आटोक्यात ठेवली असता डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांची हानी कमी होते हे निर्विवाद ठरले. रक्तदाबाचे महत्त्वही त्याच ब्रिटिश प्रयोगाने ठसविले. परंतु दृष्टिपटलावर रक्तस्राव होईपर्यंत डोळा नीट पाहत असतो, आणि पायाची संवेदना हळूहळू गेली तरी पाय चालतच असतो. अशा पायाने भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातलेला माणूस तळव्यावर फोड घेऊन घरी येतो, आणि फोड फुटून मोजा ओला होईपर्यंत त्याला पत्ता नसतो. सुश्रुताचा अनवाणी प्रवास आपण नाकारतो तो यासाठी. रात्री निजण्यापूर्वी तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे. वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून डोळे तपासून घ्यावेत आणि लघवीतील अल्ब्युमिन मोजून घ्यावे.

येथे जाता जाता एका गोष्टीची तक्रार नोंदवितो. सांधेदुखी आणि दम्यावर रामबाण म्हणून ज्या बिनलेबलाच्या पुड्या बाजारच्या दिवशी विकल्या जातात, त्यांतील कित्येकांत स्टेरॉइड मिसळलेले असते. आठ दिवसांत दुखणे पळते, भूक वाढते, चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, आणि घरचे ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. तोवर साखर चढलेली असते, आणि शरीराच्या अधिवृक्क ग्रंथी बाहेरून आयते मिळते म्हणून आपले काम सोडून बसलेल्या असतात. मग पुडी संपली आणि अचानक बंद झाली की रोगी रक्तदाब उतरून कोसळतो. हा धंदा बंद करण्याचे अधिकार ज्यांना आहेत त्यांनी ते वापरावेत.

अवटु ग्रंथीविषयी, जिला आता सारे थायरॉइड म्हणतात, थोडे समाधानाने बोलता येते. हिमालयाच्या पायथ्याच्या कांग्रा खोऱ्यात गलगंड इतका सार्वत्रिक होता की लोकांना तो रोग वाटेनासा झाला होता. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोऱ्याचे विभाग पाडून काहींत आयोडिनयुक्त मीठ आणि एकात साधे मीठ पुरविले. काही वर्षांतच आयोडिनच्या विभागांत गलगंडाचे प्रमाण झपाट्याने घसरले आणि साध्या मिठाच्या विभागात होते तेथेच राहिले. १९६२ साली भारत सरकारने गलगंड-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. कोणालाही उपदेश न करता, कोणाच्याही संयमाची परीक्षा न घेता, मिठाच्या गोणीतून लक्षावधी मुलांची बुद्धी वाचली. कारभार म्हणतात तो याला. कोकणात मात्र आजही समुद्राच्या खड्या मिठात आयोडिन आपोआप असते असा समज ऐकू येतो. त्यात ते नगण्य असते. थायरॉक्सिनची गोळी ज्यांना सुरू आहे त्यांनी ती सकाळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहाला निदान अर्धा तास थांबावे, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तास दूर ठेवावी. गोळी चालू असलेली स्त्री गर्भवती राहिली तर मात्रा बहुधा वाढवावी लागते. ‘गरोदरपणात औषधे नकोत’ म्हणून सासूबाईंनी ती बंद केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढते, आणि मुलगी कॉलेजात मैत्रिणींची नजर चुकवू लागते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी वर्णिलेली ही स्थिती आज पीसीओडी या नावाने घरोघर माहीत आहे. तिचे मूळही पुष्कळ अंशी तेच, इन्सुलिनचे फर्मान न मानले जाण्यात आहे. आणि या मुलींना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. परंतु आईबापांचा पहिला प्रश्न ‘लग्न जमेल ना, मूल होईल ना’ हाच असतो, आणि पाळी आणणाऱ्या गोळ्यांवर सारा मामला आटोपतो. मूल बहुधा होते. साखर मात्र कोणी तपासत नाही.

आणि ती मुलगी गर्भवती होते, तेव्हा कारभारातली सर्वांत मोठी गफलत घडते. गर्भारपणात पुष्कळ स्त्रियांची साखर वाढते; आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी १४० किंवा त्याहून अधिक भरली तर गर्भकालीन मधुमेह धरतात, आणि बाळंतपणापर्यंत तिची निगा बरी राखली जाते. बाळ झाले की साखर खाली येते आणि सारे निश्चिंत होतात. वस्तुतः या स्त्रियांपैकी पुष्कळींना पुढील काही वर्षांत कायमचा मधुमेह जडतो, आणि तिचे बाळ कोणत्या शरीररचनेचे असेल हे पुण्याच्या खेड्यांनी आपल्याला सांगितलेलेच आहे. म्हणून सहा आठवड्यांनी तिची फेरतपासणी व्हावी, असा नियम आहे. तो पाळला का जात नाही? कारण सहा आठवड्यांनी ती माहेरी असते, तिची फाइल सासरी असते, आणि डिंकाच्या लाडवांच्या दिवसांत उपाशीपोटी दवाखान्यात जाण्याची कल्पना कोणालाच रुचत नाही.

परंतु नेमक्या सहाव्या आठवड्यात ती बाळाला घेऊन लसीसाठी आरोग्यकेंद्रात येतेच. त्यानंतर दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातही येते. माझी सूचना एवढीच आहे की, गर्भारपणात जिची साखर वाढली होती तिला आशाताईंनी आदल्या दिवशी निरोप द्यावा, तिने सकाळी उपाशीपोटी यावे, आल्याबरोबर पहिले रक्त घेऊन ग्लुकोजचे पाणी द्यावे, बाळाची लस आणि वजन होऊन ती ओसरीवर बसलेली असतानाच दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यावे, आणि निकाल बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरच एका कोपऱ्यात आईच्या नावाने लिहावा. ते कार्ड माहेर-सासरच्या प्रवासात कोणी हरवीत नाही. यासाठी नवी इमारत नको, नवे पद मंजूर करून घ्यावयास नको. ग्लुकोज, रक्त तपासण्याचे यंत्र आणि दोन तासांची जागा, एवढी तरतूद पुरे. याच मजकुराचा अर्ज तालुका वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे लिहून मी सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. ज्यांना तो पटेल त्यांनी जाताना त्यावर सही करावी. आणि घरी गर्भवती सून किंवा लेक असेल, तर सहीखाली आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्राचे नावही लिहावे, म्हणजे आरंभ कोठून करावयाचा ते ठरविणे सोपे जाईल.